वाघ, बिबट्या, तरस की गावातला कुत्रा? मातीतल्या खुणा वाचायच्या कशा

मळ्याच्या रस्त्यावर एक मोठा ठसा दिसतो, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतं आणि तासाभरात तो 'बिबट्या आला' म्हणून तालुकाभर फिरतो. फोटोत मापाला काही ठेवलेलं नसतं, मागचा-पुढचा ठसा दिसत नसतो, आणि नीट बघितलं तर बऱ्याचदा बोटांपुढे नख्या स्पष्ट उमटलेल्या असतात. म्हणजे कुत्रा. उलटंही होतं आणि ते जास्त महागात पडतं: खरा बिबट्याचा माग 'कुत्र्याचाच असेल' म्हणून सोडून देतात आणि रात्री शेळ्या उघड्या अंगणात बांधतात.

2022 च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात 444 वाघ आणि 1,985 बिबटे आहेत. वाघ मुख्यतः विदर्भात. बिबट्या मात्र जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या तालुक्यांतल्या उसातही राहतो, मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही राहतो. त्यामुळे खुणा वाचता येणं हे फक्त ताडोब्याच्या गाइडचं काम राहिलेलं नाही.

आधी उजेड, मग ठसा

ठसा दिसतो तो सावलीमुळे. सकाळी ऊन तिरपं असताना आणि संध्याकाळी सूर्य उतरल्यावर बोटांच्या कडा उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तोच ठसा सपाट वाटतो आणि नजरेतून सुटतो. चालताना सूर्य समोर येईल अशा दिशेने चाला, ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मधे आला पाहिजे. दुपारीच बघायची वेळ आली तर ठशावर छत्रीची नाहीतर अंगाची सावली धरा आणि जमिनीलगत, आडवा टॉर्च मारा.

जवळ काय हवं? पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, टॉर्च, वही-पेन्सिल. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. नाणं ठशाच्या शेजारी ठेवा, आत नको. फोटो बरोबर वरून घ्या. तिरका घेतला की गोल ठसा लांबट दिसतो आणि नर-मादीचा सगळा हिशेब चुकतो. एक फोटो एका ठशाचा, दुसरा निदान चार ठशांच्या ओळीचा, तिसरा आजूबाजूच्या जागेचा. दुसरा फोटो लोक काढतच नाहीत, आणि ओळख पटवायला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

कुत्रा आणि तरस आधी बाद करा

मोठ्या जातीच्या कुत्र्याचा पंजा बिबट्याएवढा, म्हणजे सात ते नऊ सेंटिमीटर रुंद सहज भरतो. म्हणून इथे माप कामाचं नाही, आकार बघायचा.

पहिली गोष्ट नख्या. मांजरकुळातले प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात, त्यामुळे चार बोटं आणि मागची मोठी गादी एवढंच उमटतं. कुत्र्याच्या प्रत्येक बोटापुढे नखाचं टोक टोचलेलं असतं. पण एवढ्यावरच निकाल देऊ नका. निसरड्या चिखलात किंवा पळताना वाघ-बिबट्याही नख्या रोवतो, आणि डांबरी-मुरमाड रस्त्यावर नख्या झिजलेल्या कुत्र्याचं नख कठीण जमिनीवर दिसत नाही. चित्ता तर मांजरकुळातला असूनही नखांसकट ठसा उमटवतो, कारण त्याच्या नख्या पूर्ण आत जातच नाहीत. सप्टेंबर 2022 पासून मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये आफ्रिकेतले चित्ते आहेत, तिथल्या लोकांना हा अपवाद ध्यानात ठेवावा लागतो. आपल्याकडे अजून तशी वेळ नाही.

दुसरी गोष्ट मोठ्या गादीची मागची कड. मांजरकुळात या कडेला तीन फुगवटे असतात, तीन लहान कमानी शेजारीशेजारी. पुढची कड बोथट, जराशी सपाट. कुत्र्याची गादी त्रिकोणी असते, पुढे एकच टोक. चांगल्या ठशात नुसती मागची कड दिसली तरी काम होतं.

तिसरी गोष्ट फुलीची. कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून काडीने फुली मारता येते, एकाही गादीला धक्का न लावता. मांजरकुळाच्या ठशात ती फुली मोठ्या गादीवर जाते. शिवाय कुत्र्याची मधली दोन बोटं जवळपास एका रेषेत असतात, मांजराची नसतात. एक बोट थोडं पुढे गेलेलं दिसतं.

तरस घोटाळा जास्त करतं, कारण त्याचा पुढचा पंजा मोठा असतो आणि तेही रात्री एकटंच, सरळ रस्त्याने जातं. त्याची बोटं एकमेकांना खेटून असतात, नख्या बोथट पण उमटलेल्या, आणि मोठी गादी एका बाजूला कललेली. मागचा पाय पुढच्यापेक्षा बराच लहान. एका मागात मोठा-लहान-मोठा-लहान अशी जोडी आली आणि नख्याही दिसल्या, तर तरस समजा.

मांजरकुळ ठरलं. आता कोण?

पंजाची रुंदी मोजा. ढोबळ मानाने रानमांजर चार ते पाच सेंटिमीटर, बिबट्या सात ते नऊ, क्वचित थोडा जास्त. वाघीण अकरा ते तेरा, पूर्ण वाढलेला वाघ तेरा ते सोळा.

माप घेताना एक चूक हमखास होते. मऊ मातीत पाय रुतला की भिंती तिरप्या होतात आणि वरच्या कडेचं माप तळाच्या मापापेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त येतं. ओल्या चिखलात तर बिबट्याचा वाघ होतो. म्हणून नेहमी तळाचं माप घ्यायचं: जिथे गादी प्रत्यक्ष टेकली ती सपाट जागा. एकाच मागातले निदान पाच-सहा ठसे मोजा, त्यातले दाबलेले, घसरलेले सोडून द्या आणि कठीण जमिनीवर पातळ धूळ असेल तिथलं माप खरं माना.

नऊ ते अकराच्या मधलं माप आलं तर? वाघाच्या प्रदेशात ते बहुधा वाढतं पिल्लू असतं. वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर फिरतं, म्हणून वीस-तीस पावलं मागे-पुढे शोधलं की शेजारी वाघिणीचा मोठा ठसा सापडतो. पिल्लाचा पंजा अंगाच्या मानाने मोठा आणि बोटं गुबगुबीत दिसतात. आसपास आई नसेल आणि माग एकट्याचाच असेल, तर मोठा नर बिबट्या हा दुसरा पर्याय.

'इथे वाघ नाहीच' हे कारण मात्र पुढे करू नका. यवतमाळच्या टिपेश्वरमधून 2019 मध्ये निघालेला रेडिओ कॉलरवाला तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्याची एकूण चाल 3,000 किलोमीटरच्या आसपास भरली. वयात आलेल्या नराला आईचा प्रदेश सोडावाच लागतो, आणि वाटेतल्या गावांना तो येऊन गेल्याचं कळतं ते ठशावरूनच.

डावा-उजवा, पुढचा-मागचा, नर-मादी

पुढचा पंजा मोठा आणि रुंद, मागचा लहान आणि लांबट. डावा-उजवा ओळखायला मधल्या दोन बोटांत पुढे गेलेलं बोट बघा. ते नेहमी अंगाच्या आतल्या बाजूचं असतं. म्हणजे मधल्या दोनांतलं उजवं बोट पुढे असेल तर पाय डावा, डावं पुढे असेल तर पाय उजवा. पडताळा पाहायचा तर सगळ्यात मागे असलेलं बोट बघा, ते बाहेरच्या बाजूचं करंगळीचं.

वाघाचा नर-मादी भेद मागच्या पायावर करतात, पुढच्यावर नाही. मागच्या ठशाभोवती चार बाजूंना टेकणाऱ्या रेषा ओढा. चौकोन जवळपास समचौरस आला, बोटं गोलसर असली तर नर. उभा आयत आला, बोटं लांबट, टोकदार असली तर मादी. पुढचा पाय दोघांचाही चौरसच येतो, त्यामुळे पुढचा-मागचा न ओळखता केलेला हा हिशेब फुकट जातो. दीड वर्षाच्या नराचा ठसाही मादीसारखा दिसू शकतो. बिबट्यात हा फरक इतका पुसट आहे की त्यावर पैज लावू नये.

आणि ठशावरून वाघ मोजायच्या फंदात पडू नका. 1960 च्या दशकात ओडिशात ही पद्धत सुरू झाली, काचेवर ठसे गिरवून देशभर गणना व्हायची. राजस्थानातल्या सारिस्कात कागदावर वाघ राहिले आणि जंगलातले संपले, हे 2005 मध्ये उघड झालं. तेव्हापासून मोजणी कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर आली, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे आणि प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. ठसा 'कोणत्या जातीचा, कुठून कुठे, केव्हा' हे सांगतो. 'किती' हे त्याच्याकडून वदवून घ्यायला गेलं की तो खोटं बोलतो.

केव्हा गेला?

सगळ्यात जास्त सराव याला लागतो. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात, तळ गुळगुळीत, आणि माती आजूबाजूपेक्षा किंचित गडद. ऊन-वारा लागला की कडा ढासळतात, तळात बारीक कण येऊन बसतात. पण किती वेळात, हे मातीवर ठरतं: नदीच्या रेतीत तासाभरात कडा जातात, काळ्या मातीच्या वाळलेल्या चिखलात महिनाभर ठसा जसाच्या तसा राहतो. म्हणून ठशाशेजारी आपली मूठ दाबा आणि दोन्हींची कड शेजारीशेजारी बघा. शक्य असेल तर तोच मुठीचा ठसा तासाभराने, मग संध्याकाळी पुन्हा बघा. चार दिवस हे केलं की आपल्या रस्त्याची माती कळायला लागते.

हिवाळ्यात दव मोठं काम करतं. झाडावरून पडलेल्या दवाच्या थेंबांनी धुळीवर बारीक खळगे पडतात. खळगे ठशाच्या आतही असतील तर जनावर दवाच्या आधी, म्हणजे रात्री गेलं. ठशाने खळगे पुसले असतील तर पहाटेनंतर. किड्याची रांग ठशातून गेली असेल, मुंगीसिंहाने, म्हणजे मातीत खड्डा करून मुंग्या धरणाऱ्या किड्याने, तळाशी खड्डा केला असेल, तर निदान काही तास झालेत. ठशाच्या वर जीपच्या टायरची नक्षी असेल तर शेवटची गाडी कधी गेली ते विचारा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली ठसा असेल तर फूल ठशात पडलंय की ठशाखाली चिरडलंय ते बघा. मोह पहाटे गळतो.

माग काय सांगतो

एक ठसा म्हणजे एक अक्षर. वाचायचा तो माग.

मांजरकुळातलं जनावर निवांत चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा अगदी जवळ टाकतं. मागचा ठसा पुढच्याच्या मागे राहिला तर चाल मंद, पुढे पडला तर झपाझप. ओळ सरळ आणि अरुंद असते. कुत्रा रमत-गमत, दर दहा पावलांना कडेला वास घेत जातो, त्याची ओळ वाकडी होते. बिबट्या रस्त्याने आला तर रस्त्यानेच जातो, कारण मऊ फुफाट्यावर पावलांचा आवाज होत नाही. शेतात तो बांध, पाटाची कड, ओढ्याची रेती धरतो. जंगलात वाघ गाडीवाट आणि कोरडा नाला धरतो. रानडुकरासारखा काट्याकुट्यांतून घुसत जाण्याचा त्याला कंटाळाच म्हणा ना.

ठसे एकदम जवळजवळ आले, पुढच्या पंजाच्या मागे कोपराचा लांब डाग दिसला, तर तिथे तो दबून बसला होता. त्याच रेषेत समोर बघा; बहुधा पाणवठा, चितळांची लेंडी किंवा वस्तीवरचा उकिरडा दिसेल. उकिरड्यावर कुत्री येतात आणि उसातल्या बिबट्याच्या जेवणात कुत्रा मोठा वाटेकरी आहे.

आपल्या मळ्यातून काय जातं हे रोज बघायचं असेल तर वनखातं रस्त्यावर करतं तसा ठशांचा पट्टा तयार करा. वाटेच्या पूर्ण रुंदीत, चालण्याच्या दिशेने दोन-तीन मीटर लांब जागा झाडून घ्या. चाळलेली बारीक माती एक-दीड सेंटिमीटर जाडीत पसरा आणि फळीने सपाट करा. जाडी वाढली तर ठसा रुततो आणि कडा कोसळतात. फार पातळ केली तर फक्त बोटं दिसतात. पट्टा दोन मीटरपेक्षा आखूड ठेवलात तर जनावर एकच पाऊल टाकून पलीकडे जातं. संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर सपाट करायचं, सकाळी पहिला माणूस जायच्या आत बघायचं. पावसाळ्यात याचा उपयोग नाही.

प्लास्टरचा साचा

ठसा महत्त्वाचा वाटला तर साचा घ्या. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात असाल तर आधी वनविभागाची परवानगी.

प्लास्टर ऑफ पॅरिस वाघासाठी साधारण पाऊण किलो, बिबट्यासाठी साडेतीनशे ग्रॅम. जुन्या प्लॅस्टिक फाइलमधून पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, वाघाला साठ सेंटिमीटर लांब, बिबट्याला बेचाळीस. ठशाभोवती कडं करून टोकं क्लिपने अडकवा आणि कडं मातीत अर्धा सेंटिमीटर दाबा. ठशातली पानं, काड्या चिमट्याने उचला; फुंकर मारू नका, कडा उडतात.

प्रमाण दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी. भांड्यात पाणी आधी, मग त्यावर प्लास्टर भुरभुरत सोडायचं, उलटं केलं तर गुठळ्या होतात. हळू ढवळा, जोरात फेटलं की बुडबुडे येतात आणि नेमके बोटांच्या टोकाला बसतात. पातळ पिठल्याइतपत झालं की लगेच ओता. ओतायचं ते ठशात नाही, कड्याच्या आत ठशाच्या बाजूला, चमच्यावरून, म्हणजे ते आपोआप वाहत आत जातं. सेंटिमीटरभर थर झाला की वर काथ्याचे चार तुकडे आडवे-उभे ठेवा आणि उरलेलं ओता. काथ्या नसला तर साचा उचलताना मधोमध तुटतो.

ठशात पाणी साचलेलं असेल तर ते कापसाने टिपा आणि आधी कोरडं प्लास्टर चाळणीने भुरभुरा. प्लास्टर घट्टच होत नसेल तर ते जुनं, दमट झालेलं असतं, त्यावर उपाय नाही. चिमूटभर मीठ घातलं तर लवकर आवळतं, पण मग ओतायला वेळ कमी मिळतो.

वीस-तीस मिनिटांनी वरून टकटक आवाज आला की खालची माती खुरप्याने मोकळी करून मातीसकट उचला. ओढून काढू नका. मागच्या बाजूला ओलं असतानाच खिळ्याने तारीख, जागा, जनावर कोणत्या दिशेने गेलं आणि पाय डावा की उजवा ते कोरा. साच्यात पंजा उलटा दिसतो, डाव्याचा उजवा वाटतो, म्हणून हे जागेवरच लिहायचं. माती लगेच धुऊ नका. दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग मऊ ब्रशने साफ करा.

ठशाशिवायच्या खुणा

खरवड: वाघ-बिबट्या मागच्या पायांनी जमीन खरवडतो, एक लांबट पट्टा पडतो आणि एका टोकाला मातीचा लहान ढीग. ढीग मागे असतो, म्हणजे जनावराचं तोंड ढिगाच्या उलट दिशेला होतं. खरवडीवर बहुधा मूत्र किंवा विष्ठा असते. ही हद्दीची पाटी. ती वाटांच्या फाट्यावर, नाल्याच्या तोंडाशी जास्त सापडते.

फवारा: वाघ शेपटी उचलून खोडावर मागच्या बाजूने मूत्र फवारतो, तिरक्या खोडाचा खालचा, पाऊस न लागणारा भाग त्याला आवडतो. या फवाऱ्याला बासमती शिजताना सुटतो तसा वास येतो. गंमत नाही, दोन्हींमध्ये सुगंधाचं तेच रसायन आहे आणि प्रा. रतनलाल ब्रह्मचारी यांनी सहकाऱ्यांसह ते वाघाच्या फवाऱ्यात शोधून काढलं. वास ताजा असेल तर तिथे थांबायचं नसतं.

ओरखडे: वाघ मागच्या पायांवर उभा राहून खोडावर दोन मीटरच्या वरही नख्या ओढतो, उभ्या समांतर रेघा दिसतात. अस्वलाचे ओरखडे पाच नखांचे, आणि ते झाडावर चढत वरपर्यंत गेलेले असतात, मोहाच्या किंवा मधाच्या झाडावर. बिबट्याही चढतो, पण त्याच्या खुणा बारीक.

विष्ठा: मांजरकुळाची विष्ठा गाठीगाठींची, एक टोक निमुळतं, आत केस आणि हाडांचे तुकडे. बिबट्याची जास्त पिळदार, वाघाची जाड आणि कमी पिळाची. तरी या दोघांत नुसत्या नजरेने फसायला होतं, खात्री डीएनएवरूनच. तरसाची खडूसारखी पांढरी, हाडं खाल्ल्यामुळे. कोल्ह्याच्या विष्ठेत बोरांच्या बिया. रानकुत्र्यांचा कळप वाटेच्या चौफुलीवर एकाच जागी ढीग करतो. हात लावू नका, नाक जवळ नेऊ नका. जंतांची अंडी असतात. घरी तर मुळीच नेऊ नका. वाघ आणि बिबट्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांचा केस, नख, दात, हाड जवळ बाळगणं गुन्हा आहे.

आवाजावर एवढंच: मोर आणि चितळ उगाचही ओरडतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला बघत खकरत असेल तर ती दिशा धरा. सांबराचा खणखणीत 'ढांक' पुन्हा पुन्हा आला तर तो सहसा खोटा नसतो.

मेलेलं जनावर सापडलं तर

वाघ आणि बिबट्या दोघंही गळा धरतात. सुळ्यांची छिद्रं आणि त्याभोवती रक्त साकळलेलं दिसलं तरच शिकार. छिद्रं आहेत पण रक्त साकळलेलं नाही, तर जनावर आधीच मेलेलं होतं. वरच्या सुळ्यांमधलं अंतर बिबट्याचं साधारण चार सेंटिमीटर, वाघाचं पाचच्या वर.

वाघ खायला मागून, ढुंगणाकडून सुरुवात करतो आणि कोथळा बाहेर काढून बाजूला टाकतो. बिबट्या पोट आणि छातीकडून, आणि खाण्याआधी केस उपटतो. पांढऱ्या-काळ्या केसांचे पुंजके आसपास पडलेले दिसतात. जंगलात बिबट्या शिकार झाडावर चढवतो, कारण खाली वाघ, तरस, रानकुत्री आहेत. उसात तो ती आत ओढून नेतो, तिथे पळवणारं कोणी नाही. गावकुत्र्यांनी फाडलेल्या शेळीला गळ्यावर नीट चावा नसतो. मांड्या, कान, शेपटी लचकलेली आणि शेजारच्या दोन-तीन शेळ्याही जखमी. बंद गोठ्यात सात-आठ शेळ्या एकदम मेल्या आणि खाल्ली एखादीच, तर तो बिबट्याच असू शकतो: कोंडलेली जनावरं पळू शकत नाहीत, धावपळ थांबत नाही, आणि तो मारत राहतो. म्हणून गोठ्याला दार असून भागत नाही, वर आणि बाजूंना जाळी हवी, अगदी कौलाखालच्या फटीलाही.

माग ताजा असेल तर

ठसा ताजा वाटला तर मागाच्या पुढे जायचं नाही, उलट्या दिशेने जायचं. तो कुठून आला, कुठे बसला, कुठे प्यायला, हे सगळं मागच्या बाजूला लिहिलेलं आहे आणि ते वाचायला सुरक्षित आहे. पुढच्या बाजूला स्वतः जनावर आहे. शेजारी पिल्लांचे ठसे असतील, कावळे-गिधाडं घिरट्या घालत असतील, कुजका वास येत असेल तर उलटंही जाऊ नका. आल्या वाटेने, चार माणसं बोलत, परत फिरा. मोह वेचताना आणि तेंदूपत्ता तोडताना वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावराएवढाच दिसतो, म्हणून सकाळी ताजा माग दिसला तर त्या दिवशी तो तुकडा सोडावा.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर हात न लावता फडाचा तेवढा भाग थांबवा आणि वनविभागाला कळवा. राज्याचा टोल फ्री क्रमांक 1926 आहे. पिल्लं त्याच जागी ठेवली तर आई बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्लं दुसरीकडे हलवली की ती त्याच शिवारात त्यांना शोधत फिरते, आणि तेव्हा ती जास्त धोकादायक असते.

जनावर दगावलं असेल तर 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनाम्याआधी मृत जनावर हलवू नका. गाय-बैल-म्हशीसाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, यांत कमी असेल ती भरपाई मिळते. दर शासन निर्णयानुसार बदलतात, तेव्हा चालू दर वनपालाला विचारून घ्या. मेलेल्या जनावराच्या अंगावर विषारी औषध टाकून ठेवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका, भरपाई जाते आणि गुन्हा दाखल होतो. फोटो तीन लागतात: गळ्यावरच्या छिद्रांचा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, खाल्लेल्या भागाचा, आणि ओढत नेल्याच्या खुणेचा, गोठ्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत. ठशांवर घमेलं किंवा टोपली पालथी घालून ठेवा, नाहीतर वनरक्षक येईपर्यंत बघ्यांच्या चपलांखाली सगळं पुसून जातं.